अकरावीची शाखा: मर्जी मुलाची की घरच्यांची?

पुनर्वसू: दहावीचा निकाल लागला की विरारपासून चेंबूरपर्यंत हाच वाद. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार स्वायत्तता, म्हणजे स्वतःच्या मनाने वागणं, ही माणसाची मूळ मानसिक गरज, कुठल्याही संस्कृतीत. विज्ञान लादलं की मूल क्लासला जातं, पण अभ्यासातून मन उडतं.

तर्कट: अजिबात पटत नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा १९९९चा प्रयोग बघा. अमेरिकेतली सात ते नऊ वर्षांची मुलं, अक्षरं जुळवून शब्द करायचे. गोरी मुलं स्वतः निवडलेल्या कोड्यांत रमली. आशियाई वंशाची मुलं ‘आईने निवडलंय’ म्हटल्यावर जास्त रमली.

पुनर्वसू: प्रयोग अर्धाच सांगितलात. तिसऱ्या गटासाठी निवड परक्या बाईने केली, तिथे आशियाई मुलं सर्वांत कमी रमली. म्हणजे त्यांना हुकूम गोड लागतो असं नाही. आई आपली वाटते. पटून आईचं ऐकणं हीसुद्धा स्वायत्तताच.

तर्कट: वा! ऐकलं तरी स्वायत्त, नाही ऐकलं तरी स्वायत्त. मग हा सिद्धांत खोटा ठरायचा कधी? शिवाय बराचसा पुरावा प्रश्नावल्यांचा. मुळात खुशीत असलेलं पोर ‘मला पटतं’वर सहज खूण करतं.

मधली_सुट्टी: प्रश्नावलीपलीकडचंही आहे. डेसींचाच १९९४चा प्रयोग: पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचं, महाकंटाळवाणं काम. कारण सांगितलं, कंटाळा येणार हे मान्य केलं, ‘केलंच पाहिजे’ची भाषा टाळली. यातल्या निदान दोन गोष्टी केल्या तर लोक मोकळ्या वेळातही ते काम जास्त करत, आणि मनापासून.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात हे असं लावा. पसंतीक्रमात पहिलं टाकलेलं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून पहिली ओळ मुलाची. नकार द्यायचाच तर फी आणि लोकलचा वेळ कागदावर मांडून द्या. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण नव्हे. बिघडतं ते ‘तुझ्यावर सोडलं’ म्हणून हात झटकल्यावर, आणि पहिल्या चाचणीत गुण घसरताच ‘आम्ही सांगितलं होतं’ ऐकवल्यावर. दुसऱ्या वेळी मूल मत सांगतच नाही.

तर्कट: पहिल्या ओळीचं मान्य. पण ठिपका चुकला तर काही जात नाही. इथे दोन वर्षांची क्लासची फी एकदम भरलेली असते. जिथे माघार महाग, तिथे शेवटचा शब्द पैसे भरणाऱ्याचा.

पुनर्वसू: मग फी हप्त्यांनी भरा, माघार स्वस्त होईल. क्लासवाला तयार नसेल तर दुसरा क्लास बघा.

तर्कट: चांगल्या क्लासवाल्याला तुमच्या हप्त्याची गरज नसते, हीच तर अडचण.