मदत हवी आहे: हँडीकॅमवर चेहरे कधी पांढरेफटक, कधी काळे, स्टँडवरही चित्र अडखळतं

मंडळी, घाईत लिहितेय. रविवारी सकाळी आईच्या पंचाहत्तरीचं औक्षण आहे आणि शूटिंग माझ्या गळ्यात पडलंय. मोबाइलवर कर असं कृपया सांगू नका, घरात ऑप्टिकल झूमवाला हँडीकॅम पडून आहे.

पडून का, तर लेकीच्या गॅदरिंगला माती खाल्ली. मागे काळा पडदा, पोरींवर झगझगीत उजेड. घरी येऊन बघते तर सगळ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे. लेक म्हणाली, "आई, यातली मी कुठली?" काल आईला गॅलरीच्या दाराकडे पाठ करून बसवलं आणि पुन्हा घेतलं, तर नेमकं उलटं. बाहेरचा आंबा झकास, आई म्हणजे नुसती सावली. दोन्ही वेळा सगळं ऑटोवर होतं. मग असं का?

दुसरं दुखणं: ट्रायपॉडवर कॅमेरा सावकाश वळवला की चित्र आधी अडून बसतं, मग धक्क्याने पुढे जातं, आणि मी थांबले तरी जरासं सरकतं. स्क्रू आवळून झाले. स्टॅबिलायझर तर चालू आहे!

प्रतिसाद १
चालू आहे म्हणूनच, ताई. आतल्या जायरो सेन्सरला तुमचं मुद्दाम वळवणंही हाताचा कंप वाटतं. तो चित्र उलट ओढून धरतो, आणि त्याची हद्द संपली की सोडतो. स्टँडवर बंदच ठेवा. सोनीत 'स्टेडीशॉट', पॅनासोनिकमध्ये 'ओ.आय.एस.' नावाने सापडेल. कॅमेरा हातात घेतलात की आठवणीने चालू करा, नाहीतर बघणाऱ्यांना बोट लागेल.

प्रतिसाद २
ऑटो साधारणपणे अख्ख्या चौकटीचा उजेड मोजून तो मध्यम करड्यावर आणू बघतं. पडदा काळा, म्हणून उजेड वाढवला आणि चेहरे उडाले. दार उजळ, म्हणून कमी केला आणि आई काळवंडली. स्टेजसाठी 'स्पॉटलाइट' मोड, मागून उजेड असेल तर 'बॅकलाइट' बटण, हे झाले तात्पुरते उपाय.

औक्षणाला मी मॅन्युअलच वापरीन. आईंच्या चेहऱ्यावर झूम करा, चेहरा नीट दिसेल तिथे एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करा, मग झूम मागे घ्या. नाहीतर कुणी पांढऱ्या सदऱ्यात मधून गेलं की चित्र मंद होणार, बाजूला झालं की पुन्हा उजळणार. झेब्रा (फार उजळ जागी स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) असेल तर 100 वर लावा. कपाळावर तिरके पट्टे दिसले की तिथला तपशील गेला समजा. रेकॉर्डिंगमध्ये ते पट्टे येत नाहीत. आणि शटर 1/50 सेकंदावर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत नाही.

प्रतिसाद ३
बटणं राहू द्या, आधी पाट फिरवा. दाराकडे तोंड करून बसवा आईंना.

धागाकर्ती
हसू नका, पण गॅलरी पूर्वेलाच आहे. औक्षणाला तोंड पूर्वेकडेच हवं, हे मावशी कालच बजावून गेली होती आणि मी कॅमेऱ्याच्या नादात आईला उलटं बसवलं! आता ट्रायपॉड गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी. स्टॅबिलायझर बंद करून पाहिला, अडणं गेलं. झेब्रा मात्र मेनूत कुठेच दिसला नाही.