जंगलटेकड्यांत ग्रॅव्हल सायकल रुंद रस्त्यापुरतीच असावी

दगडवाट

मोठ्या शहराला लागून झाडीच्या टेकड्या असल्या की ग्रॅव्हल सायकलवाले (खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल चालवणारे) तिथे पोचणारच, आणि पोचावंही. गाड्यांच्या गर्दीतून सुटका होते, सावली मिळते, चढाची मजा येते आणि दुपारच्या आत घरी परतता येतं. पण हल्ली जे मार्ग एकमेकांना पाठवले जातात, त्यांतली एक गोष्ट मला सारखी खटकते. चांगला जंगलरस्ता सोडून मार्ग मध्येच एखाद्या अरुंद पायवाटेत शिरतो. कारण एवढंच की तिथून लूप, म्हणजे निघालो तिथेच परत आणणारा गोल मार्ग, जुळतो.

शहराजवळच्या टेकड्यांत ग्रॅव्हलचे मार्ग फक्त रुंद, चारचाकी जाईल अशा जंगलरस्त्यांवरून आखावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पायवाटा चालणाऱ्यांसाठी सोडाव्यात आणि त्यांच्या जीपीएक्स फाइली (फोनवर उघडता येणारे तयार मार्ग) कुठेही टाकू नयेत.

मुळात ही सायकल लांबलचक कच्च्या रस्त्यांसाठी घडली आहे. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाभोवती २००६ साली सुरू झालेली शर्यत, म्हणजे आजची अनबाउंड ग्रॅव्हल, बघा. तिचं मुख्य अंतर २०० मैल, सुमारे ३२० किलोमीटर, आणि बहुतेक सगळं मोकळ्या दगडी रस्त्यांवर. ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल, बहुधा धक्के शोषणारं सस्पेन्शन नाही, ४०-४५ मिलिमीटरचे टायर. हे सामान रुंद खडीवर सुरेख चालतं. अरुंद वाटेवर समोरून माणूस आला तर झटकन बाजूला व्हायला ते अपुरं पडतं.

हिशोबही करून बघा. ताशी २५ किलोमीटरला सायकल सेकंदाला सात मीटर जाते. माणूस दिसून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद गेला, पुढे सैल खडीवर थांबायला आणखी सात-आठ मीटर लागले, म्हणजे एकूण पंधरा मीटर झाले. झाडीतल्या पायवाटेच्या वळणावर पंधरा मीटर पुढचं दिसतं का?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट तमालपाइसवर वर्षानुवर्षं हीच विभागणी आहे. वणवा विझवायला राखलेले रुंद रस्ते सायकलला खुले, बहुतेक अरुंद वाटा बंद. रुंद रस्त्यावरसुद्धा ताशी १५ मैलांची मर्यादा, आंधळ्या वळणावर ५ मैलांची.

उतारवाला

दगडवाट, तुमची कळकळ कळते, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. तमालपाइसचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. माउंटन बायकिंगचा जन्म ज्या डोंगरांत झाला त्यातलाच तो एक. तिथे सायकलवाले आणि चालणारे यांच्यातला वाद चार दशकं धुमसतोय. विभागणीने शांतता आली असती तर असं झालं नसतं.

रुंदीचा नियम करायला सोपा म्हणून लोकांना आवडतो. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे. आता सांगा, १९० सेंटिमीटरच्या सपाट, लांबवर दिसणाऱ्या वाटेवर कोणता धोका असतो, जो तीन मीटर रुंदीच्या तीव्र उतारावर नसतो? सर्वांत जास्त वेग रुंद जंगलरस्त्यावरच येतो. मुळं आणि दगड असलेल्या वाटेवर मी चालण्याच्या दीडपट वेगानेही जात नाही.

आणि सायकलने जमीन उकरली जाते म्हणणाऱ्यांसाठी (तुम्ही म्हणाला नाहीत, पण कोणीतरी म्हणेलच): १९९४ मध्ये विल्सन आणि सीनी यांनी मोंटानातल्या डोंगरवाटांवर घोडे, चालणारे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना केली होती. ओल्या वाटेवर चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी जास्त माती सुटी केली.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन कायद्याने चालणाऱ्यांबरोबर सायकलस्वारालाही जबाबदारीने वापरण्याच्या अटीवर प्रवेशाचा हक्क दिला आहे. तिथे फूटपट्टी घेऊन कोणी उभं नसतं. मी त्याच बाजूचा.

पायीच

मी सायकल चालवत नाही, या टेकड्यांत चालते. त्यामुळे मातीचा प्रयोग बाजूला ठेवून दुसरंच सांगते.

मागून सायकल येते ती ऐकूच येत नाही. ऐकू येते तेव्हा टायरखालची खडी करकरते आणि मागच्या चाकाची टिकटिक अगदी कानाशी असते. मी दचकून डावीकडे सरकते, तेवढ्यात सायकलवालाही डावीकडेच वळवतो. मग तो "सॉरी" म्हणून पुढे जातो. मी पुन्हा वाटेच्या मधोमध येते आणि त्याच्या मागचा दुसरा येतो, तिसरा येतो. पहिल्याने "मागे अजून तिघं आहेत" एवढं म्हटलं असतं तर मी कडेलाच थांबले असते. बहुतेक कोणी म्हणत नाही.

उतारवाला, तुम्ही सावकाश जात असाल, मानते. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा लहान मूल बरोबर असलेल्या बाईला समोरचा सावकाश जाणारा आहे की नाही, हे आधी कसं कळणार? ती त्या वाटेवर यायचंच बंद करते. जखम कोणाला होत नाही म्हणून याची नोंदही कुठे होत नाही. माझं मत पूर्णपणे दगडवाट यांच्या बाजूने.

चिखलवाट

रुंदीवर भांडण चाललंय, पण टेकडीचं वाटोळं पाणी करतं.

ओल्या मातीवर चाक गेलं की बोटभर खोल रेघ पडते. पुढच्या सरीत पाणी तीच रेघ धरतं आणि तिचा चर होतो. चिखल टाळायला चालणारे कडेने पाय टाकतात, तिथलं गवत मरतं, आणि फूटभराची वाट बघता बघता तीन फुटांची होते. यात चाक आणि पाय दोघेही भागीदार.

वाट कशी आखली आहे यावर सगळं ठरतं. वाट बांधणाऱ्यांचा साधा नेम आहे: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं. सरळ उतारावरून खाली येणारी वाट कितीही रुंद असो, ती ओहळच होणार. अशा कित्येक वाटा ग्रॅव्हलच्या मार्गांत "मजेदार उतार" म्हणून घातलेल्या दिसतात, त्यावर मागचं चाक लॉक करून घसरत उतरतात. विल्सन-सीनींच्या प्रयोगावरून या घसरण्याला सूट मिळत नाही.

माझी कसोटी: टायरचा ठसा मागे तसाच राहत असेल तर परत फिरायचं, रस्ता रुंद असो की अरुंद. लाकडाचे ट्रक गेलेल्या जंगलरस्त्यालाही हेच लागू.

नकाशावेडी

"फाइली टाकू नयेत" याला माझा ठाम विरोध.

कोमूटसारखी मार्ग आखणारी ॲप ओपन स्ट्रीट मॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशाच्या माहितीवर चालतात. तिथे वाटेचा पृष्ठभाग, रुंदी, सायकलला परवानगी आहे की नाही, हे सगळं नोंदवता येतं. पायवाट बंद असेल तर ती "सायकलला मनाई" म्हणून नोंदवा, ॲप तिथून मार्ग नेणं टाळेल. नकाशातून पुसून टाकली तर पुढच्या महिन्यात दुसरा कोणी उपग्रहचित्रावर बघून पुन्हा रेखाटतो, आणि या वेळी मनाईची नोंद नसते. आपण गप्प बसलो म्हणून वाट लपत नाही. स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते दाखवणाऱ्या नकाशावर, ती उजळलेली असतेच, आणि उजळ रेघ बघून नवखा तिकडेच वळतो. त्याला चांगला मार्ग आयता मिळाला तरच तो चुकीच्या वाटेला जायचा टळेल.

दगडवाट

नकाशावेडी, मनाईची नोंद करा, त्याला माझी ना नाही. माझा विरोध पायवाट घुसडलेला तयार मार्ग "जरूर करा" म्हणून वाटण्याला आहे. ती शिफारस असते.

उतारवाला, हक्काचं म्हणाल तर उलटी उदाहरणंही आहेत. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने जंगलात चालायची सर्वांना मुभा दिली, सायकलला मात्र जमीनमालकाची परवानगी लागते. तरीही व्हिएन्नाला लागून असलेल्या वीनरवाल्डमध्ये खुणा केलेले सायकलमार्ग आहेत, कारण बोलणी करून ते मिळवले गेले. पायीच यांच्यासारख्यांना दचकवत राहिलो तर आपल्याशी बोलणी कोण करेल?

आणि पायवाटेशिवाय लूप जुळत नाही हेही खरं नाही. दोन जंगलरस्ते डांबरी तुकड्याने जोडा. आठाच्या आकड्यासारखा मार्ग करा, म्हणजे मध्येच थकलेल्याला परतायची सोय होते. तीव्र आणि सैल भाग चढायला ठेवा, दूरवर दिसणारा रस्ता उतरायला. चढताना वेग ताशी आठ-दहा, तिथे कोणी दचकत नाही.

उतारवाला

चढ-उताराची दिशा ठरवायची कल्पना चांगली आहे, माझ्या मार्गांत ती घेणार. पायीच, "मागे अजून तिघं" हेही.

पण रुंदीची रेघ मला अजूनही मान्य नाही. सुट्टीच्या सकाळी गर्दीच्या वाटा आम्ही सोडतो, पावसानंतर चिखलवाट म्हणतात तसं परत फिरतो, पुढे वीस मीटर दिसत नसेल तिथे उतरून सायकल ढकलतो. एवढं पाळणाऱ्याला मंगळवारी दुपारी रिकाम्या वाटेवरून का हाकलायचं?

पायीच

कारण मंगळवारी दुपारी ती वाट रिकामी नसते. तेव्हा मी तिथे असते, आणि गर्दी नसते म्हणूनच तेव्हा जाते.