जीएम (जनुकं बदललेली) फुलझाडं बाहेर लावली तर निसर्गाला धोका आहे का?

बागवेडी: अंधारात चमकणारं पेटुनिया बघितलं, बुरशीचे जीन्स घातलेत त्यात, अमेरिकेत 2024 पासून विकतायत. पण परागकण उडून रानातल्या झाडांत गेले तर? खाण्याच्या पिकांवर एवढे वाद होतात, फुलांबद्दल कुणी बोलतच नाही.

मातीमित्र: झाडाझाडावर आहे. आसपास त्याचे रानटी भाऊबंद आहेत का, बी धरतं का, हे आधी बघायचं. जांभळट जीएम कार्नेशन मुख्यतः कटफ्लॉवर (देठासकट तोडलेली फुलं) म्हणून विकतात, परागकणही अगदी कमी, तिथे मला तरी भीती वाटत नाही.

रानवाट: लॉनचं गवत विसरू नका! ओरेगनमध्ये तणनाशक सोसणारं जीएम बेंटग्रास चाचणीच्या शेतातून निसटलं, परागकण 21 किमीपर्यंत गेल्याचं 2004 ला छापून आलंय, आणि आता कालव्याकाठचं ते गवत काढताना नाकी नऊ येतायत कारण ग्लायफोसेट हे तणनाशक त्याच्यावर चालतच नाही.

मातीमित्र: बरोबर, तणनाशक सोसण्याचा गुण रानात झाडाला जगवतो, नुसत्या रंगाने सहसा तसा फायदा होत नाही.

पानफुटी: पण 2017 ला फिनलंडमध्ये नारिंगी पेटुनिया जीएम निघाली, मक्याचा जीन होता, आणि ती कित्येक वर्षं साधी म्हणून विकली जात होती. मला राग याचाच येतो, तपासणी नाही आणि लेबलही नाही.