हळदीतली फर्माइश

विषय: लातूरची हळद, ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळाचं मत हवंय
प्रेषक: औशाची काकू

नमस्कार मंडळी,

पुतण्याचं लग्न झालं. आशीर्वादाचे निरोप पाठवलेत त्या सगळ्यांचे आभार. मी अजून लातुरातच आहे. पाहुणे पांगले, पण एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

पुतण्याच्या हॉस्पिटलातली एक सहकारी बर्मिंगहॅमहून लग्नाला आली होती. तिचे आजी-आजोबा जमैकाहून आलेले. पोरगी मोठी गोड. चार दिवसांत चुरमुऱ्यांच्या सुशीलापासून धपाट्यापर्यंत सगळं खाल्लं, आत्याबाईंकडून नऊवारी नेसून घेतली. हळदीच्या रात्री डॉल्बीवर नाच चालला होता. तिनं तिच्याकडचं एक नाचाचं गाणं लावायला सांगितलं. ‘नंतर बघू’ म्हणाले. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं, तर सरळ ‘नाही’. ती खोलीवर निघून गेली. परत गेल्यावर तिनं पुतण्याला लिहिलंय की बाकी सगळं छान होतं, पण ती रात्र माझ्या रंगामुळं तशी गेली असं मला वाटतं.

पुतण्या बिथरलाय. दादा म्हणतात, एका गाण्यावरून एवढं? तुम्हाला काय वाटतं? ती मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमालाही येणार होती म्हणून विचारते.

– औशाची काकू

*

प्रेषक: परभणीचे डॉक्टर

काकू, नवदांपत्याला आशीर्वाद.

स्पष्ट बोलतो. घरचं कार्य, घरची हळद. पाहुण्यानं मागितलेलं गाणं लावलंच पाहिजे असा नियम कुठं आहे? मेव्हण्याच्या लग्नात मी नाट्यगीत लावा म्हणालो, तर डीजेनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी गपचूप बुंदी खायला गेलो. तो कोणता भेद झाला? वयाचा?

मी ब्रिटनमध्ये आलो तेव्हा वॉर्डातला पेशंट तोंडावर म्हणायचा, ‘मला दुसरा डॉक्टर द्या.’ त्याला मी वंशभेद म्हणतो. तो शब्द आम्ही भोगलाय, हळदीतल्या गाण्यासाठी खर्च करू नका. मुलीला वाईट वाटलं असेल तर फोन करून समजूत घाला, विषय संपवा.

*

प्रेषक: उदगीरकर (नवीन सभासद)

मी नवरीकडची, आणि त्या रात्री लॅपटॉपच्या शेजारीच उभी होते. त्यामुळे मत नाही, फक्त पाहिलेलं सांगते.

डॉल्बीवाल्याकडं ‘आपली’ यादी होती आणि फर्माइशी वेगळ्या. आमच्या हैदराबादच्या पाहुण्यांनी तेलुगू गाणं मागितलं, लागलं. चंडीगडच्या मित्रानं पंजाबी मागितलं, दोनदा लागलं. पुतण्याचाच दुसरा इंग्लिश सहकारी, गोरा, त्यानं त्याच्याकडचं मागितलं तेव्हा तर सगळे टाळ्या पिटत त्याच्याभोवती गोल करून नाचले, कारण त्याला नाचता येत नव्हतं. कोणालाही बोल कळत नव्हते. अडचण कोणालाच नव्हती.

मग तिनं मागितलं. लॅपटॉपवर नवऱ्याचा मावसभाऊ बसला होता. तो पोरांना म्हणाला, ‘कालियाला सांगा, हे आफ्रिका नाही.’ पोरं हसली. ती पण हसली, कारण तिला वाटलं काहीतरी गमतीचं चाललंय. नंतर इंग्रजीत तिला सांगितलं की नेट चालत नाही. त्यानंतर पाचच मिनिटांत नेटवरूनच दुसरं गाणं लागलं.

तिला मराठी येत नाही. तिनं लिहिलंय ते नुसत्या अंदाजानं लिहिलंय आणि अंदाज बरोबर निघाला.

*

प्रेषक: परभणीचे डॉक्टर

हे आधी सांगायचं होतंस बाई.

तरी एक मुद्दा राहतो. हा त्या पोराचा आगाऊपणा आहे. त्याला झापा. पण यजमानांना, वऱ्हाडाला, सगळ्या लातूरला वंशभेदी ठरवू नका.

*

प्रेषक: नांदेडचे वकील

लातूरला कोणी ठरवत नाहीये, डॉक्टरसाहेब. लातूरला तेवढी सवड नाही.

इथं दोन प्रश्न एकात मिसळलेत. नकार देणं भेदभाव आहे का, तर नाही. दहा वाजत आले म्हणून नकार देता येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदच असतो, सवलतीचे ठरावीक दिवस सोडून. गाण्यात शिव्या आहेत, समोर आजी बसलीय, म्हणूनही देता येतो. नाचाचा ताल मोडतो म्हणून देता येतो. यातलं कुठलंही कारण असतं तर मी डॉक्टरांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. उदगीरकरांनी सांगितलेलं वेगळं आहे: त्याच तासात इतर अनोळखी भाषांना होकार, एकीलाच नकार, कारण खोटं, आणि नकार देताना तिच्या रंगावर शेरा. गाण्याला नाही म्हटलं हा भाग यात सगळ्यात किरकोळ आहे.

आता कायदा, कारण तो लोकांना हवा तिथं आठवतो. लातूरच्या खासगी हळदीला ब्रिटनचा कायदा लागू नाही, हे उघड आहे. भारतीय राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये ‘वंश’ आहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांचाही उल्लेख आहे. पण घरच्या कार्यातलं गाणं त्यात बसवायला गेलात तर न्यायाधीश चहा मागवतील. थोडक्यात, खटला नाही. खटला नाही म्हणजे काही झालंच नाही, असं मात्र मला कोणी सांगू नये.

पाडव्याचं वेगळं आहे, आणि कमिटीनं हे नीट वाचावं. ब्रिटनचा समानता कायदा २०१० हा पंचवीस किंवा जास्त सभासदांच्या, नियमांनी सभासद घेणाऱ्या संघटनांना लागू होतो, आणि तो फक्त सभासदांपुरता नाही, बोलावलेल्या पाहुण्यांनाही संरक्षण देतो. आपण पंचवीसच्या कितीतरी पुढं आहोत. मराठी माणसांचं मंडळ म्हणून सभासदत्व मराठी माणसांपुरतं ठेवायला तो कायदा मुभा देतो, पण रंगावरून निवड करायला अजिबात देत नाही. म्हणजे लातुरात जे नुसतं लाजिरवाणं होतं, ते आपल्या भाड्याच्या हॉलमध्ये बेकायदाही ठरू शकतं.

*

प्रेषक: खुलताबादकर

मला कायद्यातलं कळत नाही. पण ‘हे आफ्रिका नाही’ वाचून हसावं की रडावं कळेना.

आमच्या गावात एक कबर आहे. मलिक अंबरची. हा माणूस हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा तो कर्ताधर्ता झाला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, आणि १६१० मध्ये खडकी वसवली. तीच खडकी पुढं औरंगाबाद झाली, आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी खापरी नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२६ मध्ये वारला. मराठवाड्याच्या राजधानीचा पायाच एका आफ्रिकी माणसानं घातलाय, आणि आमचं पोरगं एका पाहुणीला सांगतंय की हे आफ्रिका नाही.

आणखी एक, कारण विषय गाण्याचा आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या निजामाच्या फौजेत हबशी घोडदळ होतं; हैदराबादेत ‘एसी गार्ड्स’ (आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स) नावाची वस्ती अजून त्याची आठवण सांगते. हबशी आणि येमेनी अरब सैनिकांबरोबर तिथं ‘मरफा’ हा ढोलांचा ताल आला, आणि आजही हैदराबादच्या लग्नांत तो वाजतो, हिंदूंच्या मिरवणुकांतसुद्धा. उदगीरकरांचे हैदराबादचे पाहुणे त्यावर नाचले असतीलच. त्या पाहुणीचा ताल आमच्या मांडवात नवीन नव्हताच.

(मंडळाच्या सहलीत मी तुम्हाला खुलताबाद दाखवणार होतो, तेव्हा सगळे वेरूळला जाऊन दमले. नोंद करून ठेवतो.)

*

प्रेषक: औशाची काकू

मंडळी, मी काल डॉल्बीवाल्याकडं जाऊन आले, औसा रोडला. मला वाटलं त्याची बाजू कोणीच ऐकली नाही.

तो म्हणाला, ‘काकू, म्या त्या बाईला नाही म्हणलोच नाही. मालकाचं पोरगं लॅपटॉप घेऊन बसलं, म्या काय करणार? गाणं तर माझ्यापाशी होतं की.’ हे लिहून घ्या, गाणं त्याच्याकडं होतं.

मग तो आपणहून बोलत गेला. म्हणे, नाही म्हणायचं कसं हे आम्हाला पाठ असतं. वरातीत कुठल्या गल्लीत कुठलं गाणं बंद करायचं, कुठल्या प्रार्थनास्थळासमोर आवाज शून्य करायचा, पोलीस आधीच सांगून ठेवतात. शिवाय फर्माइश आली की आधी यजमानाच्या तोंडाकडं बघायचं. ‘कुणी भीमगीत लावा म्हणलं की म्या पहिल्यांदा मालकाकडं बघतो. मालक म्हणला नको, तर मी सांगतो पेनड्राइव्ह खराब झालाय.’ मी विचारलं, आमच्या हळदीत कोणी मागितलं होतं का? म्हणाला, हो, पुतण्याच्या कॉलेजातल्या एका मित्रानं. मग? ‘पेनड्राइव्ह खराब झाला.’

हे मला ठाऊकच नव्हतं. त्या मित्रानं कोणाला काही लिहिलेलं नाही.

*

प्रेषक: परभणीचे डॉक्टर

आता जात आणू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंश वेगळा, जात वेगळी, संयुक्त राष्ट्रांतही आपल्या भारत सरकारनं तेच सांगितलं आहे.

*

प्रेषक: नागसेनवनचा जुना विद्यार्थी

सरकारनं तसं सांगितलंय हे खरं. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००२ मध्ये ‘जन्मावरून’ या शब्दात जातही येते असं म्हटलं, हेही खरं. ब्रिटनमध्ये २०१४ ला एका अपील न्यायाधिकरणानं जातीचा छळ वांशिक मूळ या सदराखाली येऊ शकतो असं धरलं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं वेगळा कायदा न करता तेवढ्यावरच विषय सोडून दिला. मला या वादात फार रस नाही. नाव कुठलंही द्या, पद्धत तीच: सगळ्यांची फर्माइश चालते, एकाची चालत नाही, आणि कारण पेनड्राइव्ह असतं.

डॉक्टरसाहेब, तुम्ही वॉर्डातल्या पेशंटची गोष्ट सांगितलीत. मी त्या वेळी तुमच्या जागी असतो तर मलाही तितकंच लागलं असतं. पण त्या पेशंटनंही तुम्हाला फक्त ‘दुसरा द्या’ एवढंच म्हटलं होतं. कारण नव्हतं सांगितलं. तुम्हाला ते कळलं कसं? जसं त्या मुलीला कळलं तसंच.

आमच्याकडं गाणं कधीच नुसतं गाणं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव जुलै १९७८ ला झाला आणि मराठवाड्यात आमच्या दलित वस्त्या पेटल्या. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत आम्हाला धरून ठेवलं ते वामनदादा कर्डकांच्या आणि गावोगावच्या शाहिरांच्या गाण्यांनी. आणि अजून काय चाललंय? २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती म्हणून एका तरुणाचा जीव गेला. जून २०२३ मध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून दुसऱ्याचा. त्या मित्राला हे सगळं पाठ असणार. म्हणून त्यानं काही लिहिलं नाही. पेनड्राइव्ह खराब झाला म्हटल्यावर तो गुलाबजाम खाऊन घरी गेला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात असेल. त्या हळदीत हलगी होती ना, काकू? हलगी वाजवणारे कुठं बसले होते?

*

प्रेषक: औशाची काकू

मांडवाच्या बाहेर. जनरेटरपाशी. जेवायला शेवटच्या पंक्तीला.

*

प्रेषक: सचिव

सगळ्यांना विनंती, चर्चा थोडी आवरती घेऊ. मला काही गोष्टी कमिटीपुढं ठेवायच्या आहेत.

पाडव्याच्या नाचाची यादी गेली तीन-चार वर्षं एकच माणूस करतो, आणि तो माणूस मीच आहे. या वेळी यादी सभासदांनी आणि पाहुण्यांनी मिळून करावी असं सुचवतो. हॉल रात्री अकरापर्यंत आहे. फर्माइश कागदावर लिहून टेबलावर ठेवायची. लावता आली नाही तर कारण त्याच कागदावर लिहायचं. ‘नेट चालत नाही’ लिहिलं तर नेट खरंच बंद असावं.

परभणीच्या डॉक्टरांनी मला खासगीत कळवलंय की कारण लिहायची ही पद्धत त्यांना अतिशय कटकटीची वाटते, पण विरोध नाही.

*

प्रेषक: औशाची काकू

पुतण्या काल तिच्याशी बोलला. उदगीरकरांनी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. आधी ती गप्प राहिली. मग तिनं विचारलं की हसणाऱ्यांत तू होतास का? नव्हता, तो तेव्हा आजीला औषध द्यायला गेला होता. ती म्हणाली, बरं झालं. पाडव्याला येईन की नाही ते नंतर सांगते म्हणाली, मी आग्रह केला नाही.

मावसभावाला दादांनी बोलावून घेतलं होतं. तो म्हणतो, गंमत केली, तिला कुठं मराठी येतंय. दादांनी त्याला तिचा नंबर दिलाय. त्यानं अजून फोन केलेला नाही. विचारलं की परीक्षा आहे म्हणतो.

कॉलेजातल्या त्या मित्राकडं पुतण्या उद्या स्वतः जाणार आहे, अंबाजोगाईला. मीही जाते बरोबर. परवा माझं विमान आहे, तेव्हा पाडव्याच्या कामांची यादी सचिवांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवावी. पुरणाचं मी बघते.

– औशाची काकू