ठाणावरची घोडी, पायाची पट्टी आणि हे ऊन

काकू: घोडीच्या पुढच्या डाव्या पायाचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावलाय, म्हणून तिला ठाणावरच उभी ठेवायची ठरलंय. पण एवढ्या उकाड्यात दुपारी तरी पट्टी काढून ठेवावी का? आतून नुसता घाम येत असणार.

ताई: काकू, दुपारभर मोकळी ठेवू नका, कंडऱ्याची सूज अजून बसलेली नाही. दर 12 तासांनी सोडायची आणि पुन्हा बांधायची. थंडीत एखादवेळी 24 तास चालून जातं, उन्हाळ्यात नाही. सोडली की गुडघ्यापासून घोट्यापर्यंत 15 ते 20 मिनिटं गार पाण्याची धार, मग पाय पूर्ण कोरडा. वरून हात फिरवून ठरवू नका, केसांच्या मुळाशी बोट घालून बघा. खुराच्या मागच्या खळग्यात ओल हमखास राहते. तिथली कातडी मऊ पडते, मग फुटते आणि खपल्या धरतात.

दादा: बांधताना ताण किती द्यायचा? काल घोट्याजवळ सैल होऊन खाली सरकली होती.

ताई: सरकली म्हणजे आतली गादी पातळ पडली. दाबून निदान 2 सेंमी राहील इतकी जाड हवी, सुरकुती एकही नको. पुढचा डावा पाय आहे, तर समोरून सुरू करून बाहेरच्या बाजूने मागे आणि आतून परत पुढे. उजव्या पायालाही समोरून बाहेरच्या बाजूनेच मागे, फक्त वेढे उलट दिशेने फिरतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर. ओढायची ती समोर नळीच्या हाडावर, मागे कंडऱ्यावर कधीच नाही. कंडऱ्यावर एकाच जागी दाब पडला तर पट्टीनेच नवी इजा होते. शेवटी वरून एक बोट जेमतेम आत गेलं पाहिजे, आणि गादीची कड वर-खाली बोटभर बाहेर दिसली पाहिजे.

काकू: आणि चांगल्या पायाला?

ताई: त्यालाही बांधा, सगळा भार त्यावर येतोय. रोज दोन्ही वेळा त्या पायाचं खूर हाताने तपासा. खूर कढत लागलं आणि घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंची नाडी ठळक उडत असली, तर ती लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज येण्याची, सुरुवात असू शकते. सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच फोन करा.

अण्णा: पायाकडे तुमचं सगळ्यांचं लक्ष आहे, पण मला काळजी पोटाची वाटते. चालणारं जनावर एका जागी उभं राहिलं की आतडं मंदावतं. त्यात ऊन, त्यात वाळलं गवत. पाणी कमी पडलं की लीद आत अडते आणि पोटशूळ उठतो. लीद मोजत जा. दिवसाला 8 ते 12 वेळा पडायला हवी. गोळे लहान, कडक, वर चिकट पापुद्रा असं दिसलं की समजा पाणी पोचत नाहीये.

ताई: अण्णांचं अगदी खरं. त्यात तिला वेदनेचं औषध चालू आहे, म्हणून पोट दुखलं तरी ती लोळणार नाही, फक्त गप्प होईल. अंगात पाणी कमी असताना हीच औषधं मूत्रपिंडाला आणि पोटाच्या अस्तराला इजा करतात. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालंय असं वाटलं तर पुढचा डोस देण्याआधी मला विचारा. डोस वाढवायचा तर नाहीच.

दादा: आपोआप भरणारी कुंडी आहे ना ठाणावर.

अण्णा: बंद कर ती. त्यात किती प्यायली ते कळत नाही. दोन बादल्या टांग, आत लिटरच्या खुणा कर. 500 किलोच्या घोड्याला एरवी 25-30 लिटर पुरतं, या उन्हात त्याच्या दुप्पटही लागतं. एका बादलीत साधं पाणी कायम. क्षार घालायचे ते दुसरीत, नाहीतर चव आवडली नाही की ती पिणंच सोडते.

ताई: शिवाय रोज 30 ग्रॅम साधं मीठ, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, दोन वेळच्या खाण्यात विभागून. घोड्याच्या घामात मीठ फार जातं. ते भरून निघालं नाही तर अंगात पाणी कमी असूनही तहान लागत नाही.

काकू: चंदी कमी करू?

अण्णा: जवळजवळ बंदच कर. काम नाही तर दाणा कशाला? गवत 8-9 किलो, चार-पाच वेळा थोडं थोडं, भिजवून. मोठा वाटा रात्री. भिजवलेलं उरलं तर दुपारपर्यंत आंबतं, ते काढून टाक.

छोटू: मी पाठीवर ओला टॉवेल टाकून ठेवू का?

ताई: नको रे. कापड लगेच तापतं आणि खालची ऊब अडवून धरतं. त्यापेक्षा पाणी ओतत राहा. गार पाण्याने अंग आखडतं ही भीती सोडा. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी यावर बराच अभ्यास झाला आणि तिथे घोडे थंड पाण्यानेच गार केले. फक्त पट्टी कोरडी राहू दे.

दादा: पंखा लावलाय, टेबलफॅन.

ताई: तो काढा. घरगुती पंख्याची मोटर उघडी असते, भुसा आत बसून तापते आणि तबेल्याला आग लागते. बंद मोटरचा लावा, वायर तिच्या तोंडाला पोचणार नाही अशी. आणि ताप सकाळी ऊन चढण्याआधी घ्या. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. दुपारी थोडा वर गेला तर उकाड्याचाही असेल, पण गारव्यात 38.5 च्या वर दिसला तर संसर्गाची शंका घ्यायची. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. सावलीत उभी असून नाकपुड्या फुगवून धापा टाकतेय आणि अंग मात्र कोरडं, असं दिसलं तर घाम येणंच बंद झालंय. तेव्हा आधी पाणी ओतायला लागा, दुसऱ्याला फोन करू द्या.

काकू: खांद्यावरच्या खरचटल्यावर माश्या बसतायत.

ताई: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, त्याने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नवी कातडी जळते. माश्यांचं औषध जखमेच्या भोवती लावा, जखमेत नाही. खाली पांढरं वळवळताना दिसलं किंवा वास आला तर फोटो इथेच टाका.

दादा: बादल्या टांगल्या. रात्री 10 ला किती उतरलं ते लिहितो. सकाळचा ताप छोटू घेईल.