स्विच लाइट आणि स्टीम डेकवर कोणते गेम घ्यावेत? रोजचा कोल्हापूर–मिरज प्रवास आहे

शाहूपुरी_प्लेअर

नमस्कार मंडळी. घरात दोन हँडहेल्ड (हातात धरून खेळायची गेमिंग यंत्रं) आहेत. स्विच लाइट नऊ वर्षांच्या लेकीकडे असतो आणि स्टीम डेक ओलेड (५१२ जीबी) माझ्याकडे. रोज मिरजेला पॅसेंजरनं जाऊन-येऊन आहे. एका बाजूला साधारण तासभर, आणि वाटेत नेटचा काही भरवसा नाही.

वेगवेगळ्या प्रकारांतले पाच-सहा गेम सुचवा. फुटबॉल पाहिजेच, त्याशिवाय कोल्हापूरकर कसला. मला चष्मा आहे, त्यामुळं मुंगीएवढी अक्षरं नकोत. लेकीसाठी एक-दोन वेगळे सांगा. 'टॉप १०' याद्या बघून झाल्या, पण टीव्हीवर चांगला गेम आणि हातात धरून चांगला गेम यातला फरक कुणी सांगतच नाही.

पंचगंगा_पिक्सेल

फरक मुख्यतः एका गोष्टीत आहे: गेम कुठं थांबवता येतो. स्टेशन आलं की उतरायचंच आहे. त्यामुळं गेम घेताना रिव्ह्यूतले गुण बघण्याआधी सेव्ह कशी होते ते बघा.

तासाभराच्या प्रवासाला सगळ्यात चपखल बसतात ते रोगलाइक. यात प्रत्येक डाव नव्यानं सुरू होतो, हरलं की पहिल्यापासून.

हेडीस (२०२०): एक पूर्ण फेरी अर्ध्या तासाच्या आसपास. प्रत्येक खोलीच्या दाराशी सेव्ह होते, त्यामुळं मध्येच बंद केलं तर फक्त चालू खोली पुन्हा खेळावी लागते. अवघड वाटला तर सेटिंगमध्ये 'गॉड मोड' सुरू करा. सुरुवातीला शत्रूचा मार २० टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत जातं. त्यात कमीपणा काही नाही, गोष्ट तीच राहते.

स्ले द स्पायर (२०१९): पत्त्यांची लढाई. मध्येच बाहेर पडलं तर चालू लढाई पहिल्यापासून, बाकी सगळं जागेवर. नवीन माणूस इथं एकच चूक करतो, दिसेल ते पान घेतो. आयर्नक्लॅड हा पहिला योद्धा सुरुवातीला फक्त १० पानं घेऊन निघतो. त्यात २० पानं भरली की हवं ते पान हातात यायला दोन-तीन खेळ्या वाट बघावी लागते. दुकानात पहिलं पान काढून टाकायला ७५ सोन्याची नाणी पडतात, पुढं दर वेळी २५ वाढतात. आधी 'स्ट्राइक' (साध्या हल्ल्याचं पान) काढा. बक्षिसाचं पान न घेता पुढं जाणं हीसुद्धा चाल आहे.

बलाट्रो (२०२४): पोकरचे हात माहीत असले की बास, पैसे लावायचा प्रकार नाही. फेरी संपताना हातात प्रत्येक ५ डॉलरमागं १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५. म्हणून लवकरात लवकर २५ डॉलर साठवा आणि वरचेच खर्च करा. जोकर म्हणजे गुण वाढवणारी खास पानं, ती डावीकडून उजवीकडं मोजली जातात. मल्टिप्लायरमध्ये भर घालणारे डावीकडं, त्याला गुणणारे उजवीकडं ठेवा. हे उलटं झालं की तेच पाच जोकर निम्म्यानंसुद्धा चालत नाहीत, आणि लोक नशिबाला शिव्या देत बसतात.

चष्म्याचं म्हणाल तर तिघांतही बलाट्रोची अक्षरं मोठी. स्ले द स्पायरची मध्यम.

तालीम_गोलकीपर

फुटबॉलचं मी सांगतो, कारण इथंच पैसे वाया जातात.

डेकवर ईए स्पोर्ट्स एफसी घेऊ नका. एफसी २४ पासून त्याचं अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही आणि डेकचं स्टीमओएस लिनक्सच आहे. गेम उतरतो, पण सुरू होत नाही. विंडोज टाकून चालवता येतो, पण त्यासाठी डेकची झोप-जाग, बॅटरी, सगळं बिघडवून घेण्यात अर्थ नाही. कुठलाही ऑनलाइन गेम घ्यायच्या आधी स्टीमच्या पानावर डेकचा शिक्का बघा: हिरवा म्हणजे 'व्हेरिफाइड', पिवळा म्हणजे 'प्लेएबल', आणि 'अनसपोर्टेड' असेल तर नाद सोडा. पिवळा बऱ्याचदा फक्त बारीक अक्षरांमुळं किंवा लाँचरमुळं मिळतो, त्याचं कारण खाली लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

स्विचवर जुनी कार्ट्रिज स्वस्तात मिळते म्हणून फिफा २० ते २३ उचलू नका. स्विचवरचे ते चारही 'लेगसी एडिशन' आहेत. म्हणजे जर्सी आणि खेळाडू नवे, खेळ जुनाच. स्विचवर नवं इंजिन आलं ते एफसी २४ ला. घ्यायचाच तर तो किंवा त्यापुढचा.

लेकीला आणि तुम्हाला दोघांनाही मजा येईल तो मारिओ स्ट्रायकर्स: बॅटल लीग (२०२२). एका बाजूला चार खेळाडू आणि गोली. रेफ्री नाही, धक्काबुक्की चालते, एकदम आपल्या पाटाकडील–दिलबहार तालमींच्या मॅचचं वातावरण. 'हायपर स्ट्राइक' लागला तर एकाऐवजी दोन गोल मिळतात, पण तो मारायला वेळ लागतो. भोवती रिकामी जागा असल्याशिवाय बटण दाबून धरू नका. एकट्यानं खेळायला मात्र त्यात फार काही नाही, चार-पाच दिवसांत कप संपतात.

तुम्हाला मैदानापेक्षा डगआउट आवडत असेल तर फुटबॉल मॅनेजर. पण तो तक्त्यांचा गेम आहे आणि तुम्हाला चष्मा आहे. आधी दोन तासांत बघून ठरवा: स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो.

रंकाळा_६०एफपीएस

लेकीच्या लाइटबद्दल. लाइटचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, तो टीव्हीला लागत नाही आणि मागं स्टँड नाही. त्यामुळं डब्यावर 'हँडहेल्ड मोड' लिहिलंय का, ते पहिलं बघा. सुपर मारिओ पार्टी (२०१८) किंवा रिंग फिटसारखे गेम वेगळे जॉय-कॉन (स्विचचे सुटे कंट्रोलर) घेतल्याशिवाय चालत नाहीत.

मारिओ कार्ट ८ डिलक्स डोळे मिटून घ्या. 'स्मार्ट स्टीअरिंग' आणि 'ऑटो ॲक्सिलरेट' दोन्ही लावली की सहा वर्षांचं पोरसुद्धा रस्त्यावर राहतं. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लस बटण दाबलं की ही दोन्ही सापडतात. नऊ वर्षांच्या मुलीची सवय झाली की स्मार्ट स्टीअरिंग आठवणीनं बंद करा. ते चालू असताना आडवाटेचे शॉर्टकट मिळत नाहीत आणि ड्रिफ्टचा (वळणावर गाडी घसरवण्याचा) सगळ्यात मोठा बूस्टही मिळत नाही. बरीच पोरं ५० सीसीत (सगळ्यात हळू वेगाच्या शर्यतीत) जिंकतात आणि १५० ला का हरतात ते त्यांना कळत नाही, कारण हेच असतं.

दुसरा कर्बी अँड द फरगॉटन लँड. त्यात सोपा स्तर सुरुवातीलाच निवडता येतो आणि एक टप्पा दहा-पंधरा मिनिटांत होतो.

आणि कार्ट्रिज तोंडात घालायची सवय कुणाला असेल तर काळजी नको. निंटेंडो त्यावर मुद्दाम डेनाटोनियम बेंझोएट लावतं, कारल्याचा बापसुद्धा गोड वाटावा इतकं कडू. एकदा चाटलं की पुन्हा नाही.

घाटमाथा

@पंचगंगा_पिक्सेल, सेव्हचा मुद्दा तुम्ही जरा ताणलाय. डेक आणि स्विच दोन्हीवर पॉवर बटण एकदा दाबलं की गेम जागच्या जागी झोपतो, उठवला की तिथूनच सुरू. मग स्टेशन आलं तर काय बिघडलं? त्या हिशोबानं मोठे गेमही प्रवासात चालतात.

माझ्याकडून तीन.

होलो नाइट (२०१७). उघडला की सुरू होतो शेवटच्या बाकावरूनच (बाक म्हणजे वाटेतली विश्रांतीची जागा), पण झोपवायची सोय असल्यानं चालतं. सुरुवातीला लोक हरवतात ते नकाशाच्या गैरसमजातून. नकाशा विकणारा कॉर्निफर गुणगुणत असतो आणि त्याच्याजवळ कागद विखुरलेले असतात, त्या खुणेनं त्याला शोधा. नंतर गावातल्या दुकानातून 'क्विल' (लेखणी) घ्या, नाहीतर नवीन जागा नकाशावर उमटणार नाही, आणि उमटते तीही बाकावर बसल्यावरच. 'वेवर्ड कंपास' लावला नाही तर आपण कुठं आहोत हे दिसत नाही. मेल्यावर पैसे तुमच्या सावलीकडं राहतात. तिला गाठण्याआधी दुसऱ्यांदा मेलात तर गेले. म्हणून बॉसच्या आधी दुकानात खर्च करून टाका.

स्टार्ड्यू व्हॅली (२०१६). शेती. एक दिवस म्हणजे साधारण १४ मिनिटं, सेव्ह झोपल्यावरच. मिरजेपर्यंत चार दिवस आरामात. वसंताच्या १३ तारखेला अंड्यांचा उत्सव असतो, तिथं स्ट्रॉबेरीचं बी १०० ला मिळतं. ते त्याच रात्री लावलं तर ऋतू संपायच्या आत दोन तोडे मिळतात, १६ तारखेच्या पुढं गेलात की एक गेलाच. २८ तारखेनंतर त्या ऋतूचं पीक मरतं. कंट्रोलरवर फावडं भलत्याच चौकोनात पडतं, त्यासाठी ऑप्शन्समध्ये 'ऑलवेज शो टूल हिट लोकेशन' चालू करा.

राजी: ॲन एन्शंट एपिक (२०२०). आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला. पहिल्यांदा स्विचवरच आला, नंतर पीसीवर. राजस्थानी किल्ले, देवीदेवता, भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी. खरं सांगायचं तर मारामारी थोडी अडखळते आणि कॅमेऱ्यामुळं उड्या चुकतात, पण पाच-सहा तासांचा गेम आहे आणि चित्रं बघण्यासारखी आहेत. एन्हान्स्ड आवृत्तीत हिंदी संवादही आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला नाही, तुम्हाला.

पंचगंगा_पिक्सेल

@घाटमाथा, झोपवणं चालतं, पण त्याला दोन अपवाद. झोपलेल्या डेकची बॅटरी हळूहळू उतरते. पूर्ण संपली तर गेम मेमरीतून जातो आणि होलो नाइटसारख्या गेममध्ये शेवटच्या बाकावरून पुन्हा निघावं लागतं. दुसरं, डेकवर एक गेम झोपलेला असताना तोच गेम घरच्या पीसीवर उघडला की क्लाउड सेव्हची (नेटवर ठेवलेल्या सेव्हची) भांडणं लागतात, 'कुठली प्रत ठेवू' असा प्रश्न येतो आणि माणूस घाईत चुकीची ठेवतो. म्हणून घरी पोचल्यावर गेम नीट बंद करायची सवय चांगली. स्टार्ड्यूत अर्धा दिवस गेला तर फरक पडत नाही, होलो नाइटमध्ये पडतो.

आणि होलो नाइट खिडकीच्या जागेवर खेळू नका. गेम काळोखा आहे आणि ५१२ जीबीवाल्या ओलेडची काच चकचकीत आहे. चकाकी कमी करणारी कोरीव काच फक्त १ टीबीला येते. सकाळच्या उन्हात स्वतःचं तोंडच दिसेल.

शाहूपुरी_प्लेअर

वा, काम झालं. दोन शंका. प्रवासात नेट नसताना डेकवर गेम उघडलाच नाही असं होऊ नये म्हणून काय करायचं? आणि मेमरी कार्ड कुठलं?

रंकाळा_६०एफपीएस

नवीन गेम घरच्या वायफायवर एकदा उघडा आणि मुख्य मेनूपर्यंत जा. पहिल्या वेळी काही फायली मागून बसतात. त्या बसायच्या आधी रेल्वेत उघडलात तर तिथंच अडकेल. बाहेर पडल्यावर क्लाउडची खूण पूर्ण झालेली बघा. मग सेटिंग्ज, इंटरनेट, तिथं ऑफलाइन मोड. अर्धवट नेटवर डेक सर्व्हरची वाट बघत राहतो, त्यापेक्षा पूर्ण ऑफलाइन बरं.

बॅटरीसाठी तीन ठिपक्यांचं बटण, त्यात बॅटरीची खूण. फ्रेम लिमिट (सेकंदाला किती चित्रं) ४५ ठेवा. तुमचा पडदा ९० हर्ट्झचा आहे, त्यामुळं प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि चाल सलग वाटते. बलाट्रो किंवा स्टार्ड्यूला टीडीपी (चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) ५ वॅटवर आणा. अडखळलं तर एकेक वॅट वाढवा. हेडीसला ६० ठेवा, चकवायचा खेळ आहे.

अक्षरं कुठंही बारीक वाटली तर डेकवर स्टीम बटण + एल१ दाबा, भिंग येतं. स्विचवर सेटिंग्जमध्ये झूम चालू करून होम बटण दोनदा दाबा.

कार्डाचं: डेक आणि लाइट दोघांचाही कार्डाचा स्लॉट यूएचएस-१ या वेगाचा आहे, त्यामुळं त्याहून वेगवान यूएचएस-२ कार्डावर जादा पैसे घालू नका. खरी भीती नकली कार्डाची. वर ५१२ लिहिलेलं असतं, आत ३२ असते. ती भरेपर्यंत सगळं ठीक चालतं, मग जुन्या फायलींवरच नवीन लिहायला लागतं आणि गेम सुरू होताना बंद पडतो. कार्ड आणल्या दिवशीच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवा. पूर्ण कार्ड लिहून वाचतं, ५१२ ला काही तास जातात, रात्री लावून झोपा. परत करायची मुदत संपायच्या आत हे झालं पाहिजे.

डेक कार्ड स्वतःच्या पद्धतीनं फॉरमॅट करतो, ते नंतर विंडोजला वाचता येत नाही. तेच कार्ड काढून लेकीच्या लाइटमध्ये घालायचं डोक्यात असेल तर तेही जमणार नाही, दोघांना वेगळी घ्या.

तालीम_गोलकीपर

लाइटवर एक भर. स्विचच्या सेव्ह कार्डावर जात नाहीत, यंत्राच्या आतच राहतात. कार्ड बदललं तर गेम परत उतरवावा लागेल, पण लेकीचे मारिओ कार्टचे कप शाबूत राहतील. उलट लाइटच बदलायची वेळ आली, तर जुनं यंत्र चालू असेपर्यंत सेव्ह दुसऱ्यावर हलवून घ्या. आधी रीसेट मारलंत तर घरात जो गोंधळ होईल त्याला आम्ही जबाबदार नाही.