मदत हवी आहे: कुंतीच्या कुंपणाच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आहेत (फोंडा, गोवा)

आमच्या घरापुढे चिऱ्यांच्या गडग्याला लागून पांढऱ्या कुंतीचे सुमारे 40 फूट लांबीचे कुंपण आहे. त्यातली 22 झाडे माझ्या वडिलांनी 2009 साली स्वतः लावली. ते गेल्यापासून मी ती सांभाळते, त्यामुळे त्यांतले एकही झाड जाऊ द्यायला मन तयार होत नाही. गेल्या पाच आठवड्यांत 6 झाडांच्या फांद्या शेंड्याकडून खाली वाळत आल्या आहेत. पाने आधी निस्तेज होतात, मग पेंढ्याच्या रंगाची होतात, पण गळत नाहीत, फांदीलाच लोंबत राहतात. नखाने साल खरवडली की वाळलेल्या भागाखाली काही अंतरापर्यंत काळपट तपकिरी पट्टा दिसतो आणि त्याच्या खाली हिरवे लागते. एकाच झाडावर एक फांदी मेलेली आणि तिच्या शेजारची टवटवीत, असे दृश्य आहे.

यंदा दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. चतुर्थीपूर्वी दरवर्षी आम्ही कुंपण छाटून घेतो. या वेळी पाऊस उघडलाच नाही, म्हणून सगळी झाडे एकाच मोठ्या कात्रीने भर पावसात छाटली गेली. दुसरे म्हणजे मे महिन्यात अंगणात फरशी बसवताना निघालेली तांबडी माती कामगारांनी झाडांच्या बुंध्यांशी ओढली आणि मीही ती तशीच राहू दिली. आजारी झाडांपैकी दोन पागोळ्यांखाली आहेत.

कुंतीला इंग्रजीत ‘चायनीज बॉक्स’ असेही म्हणतात, त्यामुळे शोध घेतला की बहुतेक माहिती बॉक्सवुड या कुंपणाच्या दुसऱ्याच झाडाची समोर येते. त्यात मुळाशी चुना घालण्याचा सल्ला वाचला. शेजारच्या कुळागरात सुपारीवर कोळेरोगासाठी केलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) उरले होते, ते मी दुसऱ्या दिवशी मागून आणून फवारले, पण काही फरक दिसला नाही. हा रोग मुळाचा आहे की छाटणीच्या जखमेतून शिरलेला, फांदी कुठवर कापावी आणि चुना घालावा की नाही, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद:

ताई, चुना घालू नका. बॉक्सवुड आणि कुंती ही दोन वेगळ्या कुळांतली झाडे आहेत. कुंती लिंबाच्या कुळातली. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनी बहुधा आम्लधर्मी असतात हे खरे, पण माती न तपासता चुना जास्त झाला तर झाडाला लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात.

आपण वर्णन केलेली लक्षणे ओल्या छाटणीतून शिरणाऱ्या बुरशीशी जुळतात. बॉक्सवुडमध्येही अशी फांदीमर आढळते. मात्र पागोळ्यांखालची दोन झाडे आधी तपासा. बुंध्याची माती पहिली मुळे दिसेपर्यंत हाताने बाजूला करा आणि साल थोडी खरवडा. तिथे साल काळी, ओली असेल किंवा डिंक येत असेल, तर तो मूळकुजीचा प्रकार आहे आणि फांद्या कापून ते झाड वाचणार नाही.

बाकीच्या झाडांच्या फांद्या कोरड्या दिवशी, तपकिरी पट्टा संपतो त्याच्या खाली चार ते सहा इंच, एखाद्या निरोगी उपफांदीच्या सांध्याशी कापा. प्रत्येक झाडानंतर कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा, कारण ही छाटणीच रोग पुढच्या झाडावर नेते. कापलेले सगळे जाळून टाका, कंपोस्टात टाकू नका. अंगठ्याहून जाड जखमांवर बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि 1 लिटर पाणी, लोखंडी भांडे न वापरता. बोर्डो करतात त्याच दिवशी संपवायचे असते. दुसऱ्या दिवशीच्या मिश्रणाचा गुण आला नाही याचे नवल नाही. फवारणीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम पुरते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दरवर्षी वरवर कातरल्याने कुंपणाला बाहेरून दाट कवच येते आणि आतली ओल सुकत नाही. आतल्या काही फांद्या हाताने विरळ करून वारा खेळू द्या.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. आज चार इंच माती काढली. पाच झाडांची साल स्वच्छ आणि हिरवी आहे, पण पागोळीखालच्या एकाचा बुंधा काळा पडला असून मुळांची साल बोटाने सुटून येते. ते काढावेच लागेल, हे पटले. त्याच खड्ड्यात लगेच दुसरी कुंती लावली तर चालेल का?

प्रतिसाद:

लगेच नको. आधी पागोळ्यांच्या पाण्याला वाट काढून द्या आणि खड्डा उन्हाळाभर उघडा ठेवा. तोवर निरोगी झाडाच्या पिकलेल्या लाल फळांतले ताजे बी पिशवीत पेरलेत, तर वडिलांच्याच झाडाचे रोप त्या जागी लावता येईल.